मोबाईलमधला व्हिडिओ कोर्टात टिकायला 'हॅश व्हॅल्यू' का लागते? आणि ती काढणाऱ्या कोडमध्येच चूक असेल तर?

मारामारीचा व्हिडिओ, धमकीची ऑडिओ क्लिप, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, सोसायटीच्या गेटवरचं सीसीटीव्ही फुटेज. हल्ली कुठलंही प्रकरण घ्या, त्यात कुठेतरी मोबाईल किंवा कॅमेरा असतोच. अशी क्लिप व्हायरल झाली की खाली कमेंट ठरलेली, "पुरावा आहे, आता सुटत नाही."

कोर्टात मात्र गोष्ट इतकी सरळ नसते. तिथे पहिला प्रश्न विचारला जातो की ही क्लिप मूळ आहे कशावरून? मधल्या काळात कुणी कापाकापी केली नाही, याची खात्री काय?

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी कायद्याने आता एका गणिती आकड्याचा आधार घेतला आहे. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या जागी 'भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३' लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्या प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात एक रकाना आहे, 'हॅश व्हॅल्यू'.

हा रकाना कोणत्या पद्धतीने भरला, यासाठी नमुन्यात चार पर्याय दिले आहेत. एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ आणि कायद्याला मान्य असलेलं इतर कुठलंही प्रमाण. गंमत अशी की यातल्या दोन पद्धती फोडता येतात, हे संशोधकांनी कायदा येण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं.

ही हॅश व्हॅल्यू म्हणजे काय, ती काढतं कोण, त्यात चूक कुठे होऊ शकते आणि सामान्य माणसाने कशाची काळजी घ्यायची, हे सगळं म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

जालन्याच्या निवडणुकीने गाजवलेलं प्रमाणपत्र

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं हा नियम नवा नाही. जुन्या कायद्यात तो कलम ६५-बी मध्ये होता. पण हे प्रमाणपत्र खरंच सक्तीचं आहे का, यावर बरीच वर्षं कोर्टांचे वेगवेगळे निकाल येत होते. त्यावर पडदा पडला तो महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात.

२०१४ ची विधानसभा निवडणूक. जालना मतदारसंघातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा अवघ्या २९६ मतांनी पुढे राहिले आणि निवडून आले. निकालाला आव्हान देताना मुद्दा काढला गेला तो उमेदवारी अर्जाच्या वेळेचा. शेवटच्या दिवशी दुपारी ३ ची मुदत संपल्यावर खोतकरांचा अर्ज दाखल झाला, असं आव्हान देणाऱ्यांचं म्हणणं होतं. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा.

व्हिडिओ होता, पण ६५-बी चं प्रमाणपत्र नव्हतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने खोतकरांची निवड रद्द ठरवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १४ जुलै २०२० ला न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं, पण त्याच निकालात कोर्टाने स्पष्ट केलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलेलं नसेल, तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि तरी ते दुसऱ्याच्या हातात अडकलं, त्याला मात्र सूट मिळू शकते.

जुन्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूचा रकाना नव्हता. नव्या कायद्याने तो आणला. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. दोघांनीही हॅश व्हॅल्यू लिहायची, कोणत्या पद्धतीने काढली ते सांगायचं आणि हॅशचा अहवाल सोबत जोडायचा.

हॅश म्हणजे डिजिटल लाखेचं सील

पोलीस जेव्हा एखाद्या गुन्ह्यातला चाकू किंवा कपडे जप्त करतात, तेव्हा पंचांसमोर पंचनामा होतो. वस्तू पाकिटात घातली जाते, दोऱ्याने बांधली जाते, वर लाख लावून शिक्का मारला जातो, पंचांच्या सह्या होतात. कोर्टात ते पाकीट उघडण्याआधी सील शाबूत आहे का, हे पाहिलं जातं. सील तुटलेलं असेल, तर बचाव पक्षाचा वकील तिथेच पहिला प्रश्न टाकतो.

व्हिडिओला लाख लावता येत नाही. त्याची हजार प्रती काढता येतात आणि एखादी फ्रेम गाळली तर डोळ्यांना कळतही नाही. म्हणून इथे सीलचं काम करतं हॅश फंक्शन.

हॅश फंक्शन हे एक गणिती यंत्र आहे. त्यात कितीही मोठी फाइल टाका, २ ओळींचा मेसेज टाका किंवा २ तासांचा सिनेमा टाका, बाहेर ठराविक लांबीची अंक-अक्षरांची एक माळ येते. एसएचए-२५६ मध्ये ही माळ ६४ अक्षरांची असते, एसएचए-१ मध्ये ४० आणि एमडी५ मध्ये ३२.

या यंत्राचे तीन गुण महत्त्वाचे. एक, तीच फाइल पुन्हा टाकली तर तीच माळ येते, आज काढा किंवा दहा वर्षांनी, पुण्यात काढा किंवा पॅरिसमध्ये. दोन, फाइलमध्ये एखादा बिंदू जरी बदलला तरी माळ पूर्ण बदलते. तीन, माळेवरून मूळ फाइल परत तयार करता येत नाही.

चौथा गुण सगळ्यात कळीचा. दोन वेगवेगळ्या फाइल्सची माळ एकच आली, असं घडवून आणणं व्यवहारात अशक्य असलं पाहिजे. तसं घडलं तर त्याला 'कोलिजन' म्हणजे टक्कर म्हणतात. गणिताने पाहिलं तर टकरी असणारच, कारण फाइल्स अगणित आणि माळा मोजक्या. पण एसएचए-२५६ च्या शक्य माळांची संख्याच ७८ आकडी आहे. त्यात मुद्दाम टक्कर शोधायची म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा ठरलेला कण शोधण्यापेक्षाही अवघड.

हे गणित करतं कोण?

तपास अधिकारी किंवा तज्ज्ञ हे गणित हाताने करत नाहीत. ते एखादं सॉफ्टवेअर उघडतात, फाइल निवडतात, बटण दाबतात. त्या बटणामागे पुष्कळदा 'सी' भाषेत लिहिलेला कोड असतो. एमडी५ ची पद्धत रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी आखली आणि १९९२ मध्ये तिचा जाहीर दस्तऐवज निघाला, तेव्हाच त्यात सी भाषेतला नमुना कोड जोडलेला होता. सी वेगवान आहे आणि जवळपास प्रत्येक यंत्रावर चालते, म्हणून ही परंपरा टिकली.

आज प्रत्येक प्रोग्रामर हे गणित नव्याने लिहीत बसत नाही. घरी मसाला कुटण्याऐवजी तयार मसाल्याचं पाकीट आणावं, तसं तो तयार 'लायब्ररी' वापरतो. लायब्ररी म्हणजे आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या कोडचा संच. यातली सगळ्यात परिचित लायब्ररी म्हणजे 'ओपनएसएसएल'. १९९८ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प खुला आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचू शकतं. इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरमध्ये तो चालतो.

ओपनएसएसएलमध्ये हॅश काढायचे टप्पे तीन. पहिला 'इनिट', म्हणजे पाटी कोरी करून कोणती पद्धत वापरायची ते सांगणं. दुसरा 'अपडेट', म्हणजे फाइलचे तुकडे एकेक करून आत ढकलणं. तिसरा 'फायनल', म्हणजे शेवटची माळ बाहेर काढणं.

मधला टप्पा तुकड्या-तुकड्यांचा का? कारण १२८ जीबीच्या फोनची संपूर्ण प्रत एका दमात संगणकाच्या मेमरीत मावत नाही. एसएचए-२५६ मुळातच ६४ बाइटचे घास घेत पुढे जाते. प्रत्येक घासानंतर आतली अवस्था बदलते आणि पुढचा घास त्या बदललेल्या अवस्थेत मिसळतो. म्हणूनच शेवटच्या घासातला एक बिंदू बदलला तरी अख्खी माळ बदलते.

सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० पासून प्रत्येक पद्धतीसाठी वेगळी जुनी फंक्शन्स वापरू नका, असं लायब्ररी सांगते. त्याऐवजी 'ईव्हीपी' नावाचा एकच सामाईक दरवाजा वापरायचा. फायदा असा की उद्या एखादी पद्धत मोडीत निघाली, तर कोडमध्ये फक्त नाव बदलायचं, बाकी सगळं तसंच.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एमडी५ आणि एसएचए-१ या लायब्ररीत आजही मिळतात. जुन्या फाइल्स तपासायला त्या लागतात, म्हणून त्या काढून टाकलेल्या नाहीत. म्हणजे लायब्ररी प्रोग्रामरचा हात धरत नाही. कोणती पद्धत निवडायची, ही जबाबदारी त्याचीच.

गणित बरोबर, कोड चुकीचा

पद्धत चांगली निवडली तरी ती वापरताना चूक होऊ शकते. आणि सी भाषेत अशा चुकांच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे लांबी मोजणं. सी मध्ये मजकूर कुठे संपतो, हे 'शून्य' बाइटवरून ओळखतात. शब्दांसाठी हे ठीक आहे. पण व्हिडिओत शून्य बाइट जागोजागी असतात. मोबाईलच्या एमपी४ व्हिडिओचा तर पहिलाच बाइट सहसा शून्य असतो. आता एखाद्याने व्हिडिओची लांबी मजकुराच्या फंक्शनने मोजली तर उत्तर येईल शून्य. मग हॅश निघेल तो रिकाम्या फाइलचा. म्हणजे खुनाच्या प्रकरणातला व्हिडिओ असो की वाढदिवसाचा, माळ एकच.

रिकाम्या फाइलची एसएचए-२५६ माळ 'ई-३-बी-०-सी-४-४-२' अशी सुरू होते. एखाद्या अहवालात व्हिडिओच्या नावापुढे ही माळ दिसली, तर तिथे काहीतरी नक्की चुकलंय, हे वकिलालाही ओळखता येईल.

दुसरी जागा फाइल उघडण्याची. विंडोजवर सी मधून फाइल 'मजकूर' म्हणून उघडली तर काही बाइट वाचतानाच बदलले जातात, आणि २६ क्रमांकाचा बाइट आला की फाइल संपली असं समजलं जातं. फाइल 'बायनरी' म्हणून उघडली तरच ती जशीच्या तशी वाचली जाते.

तिसरी जागा म्हणजे न विचारलेले प्रश्न. हार्ड डिस्कचा एखादा भाग खराब असेल तर वाचन मध्येच थांबतं. फाइल खरंच संपली की वाचता आली नाही, हे कोडने तपासलं नाही, तर अर्ध्या फाइलचा हॅश पूर्ण फाइलचा म्हणून छापला जातो. तसंच 'इनिट', 'अपडेट', 'फायनल' हे तिन्ही टप्पे आपलं काम झालं की नाही, ते उत्तर देऊन सांगतात. ते उत्तर वाचायचे कष्ट कोडने घेतले नाहीत तर बिघाड कळतच नाही.

चौथी जागा तुलनेची. याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे निन्टेन्डो कंपनीचं 'वी' हे गेम खेळायचं यंत्र. यंत्रात फक्त कंपनीने मान्य केलेलं सॉफ्टवेअर चालावं म्हणून एसएचए-१ हॅश तपासला जात होता. पण दोन हॅश जुळतात का, हे पाहायला मजकुराची तुलना करणारं सी चं फंक्शन वापरलं गेलं. ते फंक्शन दोन्हीकडे शून्य बाइट आला की "जुळलं" म्हणून थांबतं. हॅकर्सनी हे हेरलं. ज्याच्या हॅशचा पहिलाच बाइट शून्य आहे, असं सॉफ्टवेअर त्यांनी थोडेफार बदल करत तयार केलं. सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा असं जमतं. २० बाइट तपासायच्या ऐवजी यंत्र एकच बाइट तपासून गप्प बसत होतं.

अशी चूक फक्त नवशिक्यांकडून होते, असंही नाही. २०१२ मध्ये 'केचॅक' नावाच्या पद्धतीची एसएचए-३ म्हणून निवड झाली. ती बनवणाऱ्या तज्ज्ञांच्या स्वतःच्या सी कोडमध्ये एक चूक जानेवारी २०११ पासून दडलेली होती. आधी छोटा तुकडा आणि त्यानंतर जवळपास ४ जीबीचा तुकडा एकदम आत ढकलला, तर ३२ बिटचा हिशेब उलटायचा आणि कोड भलत्याच जागी लिहायला लागायचा. हाच कोड पायथन आणि पीएचपी या भाषांमध्येही गेला होता. संशोधक निकी मुहा यांनी ही चूक शोधली आणि ती ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झाली. म्हणजे तब्बल ११ वर्षांहून जास्त काळ ती कुणाच्या नजरेस आली नव्हती.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक पद्धतीसाठी ठराविक मजकूर आणि त्याची बरोबर माळ आधीच जाहीर केलेली असते. उदाहरणार्थ इंग्रजीतली पहिली तीन छोटी अक्षरं, 'ए-बी-सी', एसएचए-२५६ मध्ये टाकली की माळ 'बी-ए-७-८-१-६-बी-एफ' अशी सुरू झालीच पाहिजे. काट्यावर आधी माहीत असलेलं वजन ठेवून पाहावं, तशी ही चाचणी. पण ती छोट्या मजकुरापुरती करून भागत नाही. रिकामी फाइल, शून्य बाइटने भरलेली फाइल आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल, या तिन्हींवर सॉफ्टवेअर तपासायला हवं.

एमडी५ आणि एसएचए-१ ची अडचण नेमकी काय?

चीनच्या संशोधक शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एमडी५ ची टक्कर दाखवली. दोन वेगळे मजकूर, एकच माळ. आज साध्या लॅपटॉपवर अशी टक्कर काही सेकंदांत तयार होते.

हे फक्त कागदावर राहिलं नाही. २००८ च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी २०० प्लेस्टेशन ३ यंत्रं जोडून एमडी५ च्या जोरावर वेबसाइट्सची ओळख पटवणारं बनावट प्रमाणपत्र तयार करून दाखवलं. २०१२ मध्ये सापडलेल्या 'फ्लेम' या हेरगिरीच्या व्हायरसने एमडी५ च्याच टकरीचा वापर करून आपण मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर असल्याचं भासवलं होतं.

एसएचए-१ चा नंबर २०१७ मध्ये लागला. २३ फेब्रुवारीला ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गुगल यांनी दोन वेगळ्या पीडीएफ फाइल्स जाहीर केल्या. दिसायला वेगळ्या, एसएचए-१ ची माळ एकच. त्यासाठी ९ वर १८ शून्यं इतक्या वेळा हॅश काढावे लागले. खर्चिक काम, पण अशक्य नाही, हे सिद्ध झालं. अमेरिकेच्या 'निस्ट' या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये सांगून टाकलं की ३१ डिसेंबर २०३० पर्यंत एसएचए-१ चा वापर पूर्ण बंद करा आणि एसएचए-२ किंवा एसएचए-३ कडे वळा. एसएचए-२५६ ही एसएचए-२ घराण्यातलीच.

भारतीय कायद्यातली विसंगती इथे दिसते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल सहीच्या संदर्भात हॅश फंक्शनची व्याख्या दिलेली आहे. दोन इलेक्ट्रॉनिक नोंदींचा हॅश एकच येणं गणनेच्या दृष्टीने अशक्यप्राय असावं, अशी अट त्या व्याख्येतच आहे. ही फूटपट्टी लावली तर एमडी५ आज हॅश फंक्शन म्हणून पासच होत नाही. तरीही २०२३ च्या कायद्याच्या नमुन्यात तिचं नाव छापलेलं आहे.

मग एमडी५ चा प्रत्येक पुरावा बाद?

नाही. इथे एक बारीक पण मोठा फरक आहे आणि सोशल मीडियावरच्या चर्चेत तो हमखास सुटतो.

स्वतः दोन फाइल्स तयार करून त्यांची माळ एकसारखी आणणं, ही झाली टक्कर. एमडी५ मध्ये हे सोपं झालं आहे. पण दुसऱ्याने आधीच तयार केलेली फाइल घेऊन, तिच्याच माळेशी जुळणारी वेगळी फाइल बनवणं, हे काम पूर्ण वेगळं. ते एमडी५ मध्येही आज कुणाला व्यवहारात जमलेलं नाही.

आता हे तपासाला लावून पाहा. पोलिसांनी घटनास्थळावरून सीसीटीव्हीचं फुटेज घेतलं, तिथेच एमडी५ काढून पंचनाम्यात लिहिला. नंतर कुणी फुटेजमध्ये फेरफार करून तोच एमडी५ आणायचा प्रयत्न केला, तर आज ते शक्य नाही. एसएचए-१ चंही तेच.

धोका दुसऱ्या बाजूने आहे. पुरावा देणारी व्यक्तीच जर फाइल बनवणारी असेल, तर ती आधीच जुळ्या फाइल्स तयार ठेवू शकते. समजा, भाडेकराराच्या दोन पीडीएफ. एकीत भाडं १०,००० रुपये, दुसरीत ३०,०००. दोन्हींचा एमडी५ एकच. एक प्रत समोरच्याला दाखवली, हॅश नोंदवला आणि वाद झाल्यावर दुसरी प्रत पुढे केली. सील शाबूत, पाकिटातला माल वेगळा.

म्हणून बचाव पक्षाला प्रत्येक एमडी५ वर बोट ठेवता येईलच असं नाही, पण "फाइल कुणी तयार केली?" हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. एसएचए-२५६ वापरलं असतं तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. आणि एसएचए-२५६ काढायला वेगळा पैसाही लागत नाही, लायब्ररी तीच, फक्त नाव वेगळं.

हॅश काय सांगत नाही?

हॅशवरचा आंधळा विश्वासही तितकाच घातक. हॅश एवढंच सांगतो की ज्या क्षणी माळ काढली, त्यानंतर फाइल बदललेली नाही. त्या क्षणाआधी काय झालं, याबद्दल तो गप्प असतो.

फोन सोमवारी जप्त झाला आणि हॅश १५ दिवसांनी निघाला, तर मधल्या १५ दिवसांची हमी कुणीच देत नाही. डीपफेक व्हिडिओचाही हॅश निघतो आणि तोही अगदी बरोबर असतो. सील लावण्याआधी पाकिटात काय घातलं, हे लाख सांगू शकत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे. त्यामुळे हॅश कधी आणि कुणासमोर निघाला, हे दाखवायची संधी पोलिसांकडेच आहे. जप्तीच्या वेळीच माळ काढून ती पंचनाम्यात लिहिली आणि आरोपीलाही तिची प्रत दिली, तर पुढचे अर्धे वाद तिथेच मिटतात.

आणखी एक अडचण मोबाईलची. बंद हार्ड डिस्कची प्रत दोनदा काढली तर हॅश जुळतो. चालू फोनमध्ये मात्र घड्याळ, नोटिफिकेशन, ॲप्सच्या नोंदी सतत बदलत राहतात. त्यामुळे संपूर्ण फोनची प्रत दोनदा काढली तर दोन वेगळे हॅश येऊ शकतात आणि त्याचा अर्थ छेडछाड झाली असा होत नाही. अशा वेळी फोनमधल्या त्या विशिष्ट व्हिडिओचा हॅश आणि काढलेल्या प्रतीचा हॅश, दोन्ही वेगवेगळे नोंदवणं हिताचं.

तुमच्याकडे पुरावा असेल तर काय कराल?

पहिली गोष्ट, मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथून ती काढून टाकू नका. फोन विकू नका, रिसेट करू नका. मूळ उपकरण हाच सगळ्यात भक्कम पुरावा.

दुसरी, व्हिडिओ नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर पाठवला की तो आकाराने लहान केला जातो. डोळ्यांना तोच दिसतो, पण फाइल वेगळी झालेली असते आणि हॅश जुळत नाही. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा केबलने थेट कॉपी करा.

तिसरी, फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, कारण नाव फाइलच्या आत नसतं. पण फोटो फिरवून सेव्ह केला, व्हिडिओची सुरुवात कापली, त्यावर बाण काढला, तर तो बदलतो. असं काही करायचं असेल तर आधी वेगळी प्रत काढा.

चौथी, हॅश लगेच काढून ठेवा. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' आणि लिनक्समध्ये 'एसएचए-२५६-सम' या कमांड आधीपासूनच असतात, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. आलेली ६४ अक्षरं तारखेसह स्वतःलाच किंवा वकिलाला ईमेल करून ठेवा. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरने काढून दोन्ही माळा जुळतात का, हेही पाहा. एका कोडमध्ये चूक असली तरी दुसऱ्यात नेमकी तीच चूक असण्याची शक्यता कमी.

पाचवी, प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-२५६ चा रकाना भरा. जुन्या यंत्रणेमुळे एमडी५ द्यावाच लागला, तर त्याच्यासोबत एसएचए-२५६ सुद्धा द्या. दोन्ही पद्धतींत एकाच वेळी जुळणारी बनावट फाइल तयार करणं म्हणजे शेवटी एसएचए-२५६ फोडणंच.

पुढे काय व्हायला हवं?

कायद्याने हॅशला जागा दिली हे पुढचं पाऊल आहे. पूर्वी "फुटेज बदललेलं नाही" हे तोंडी सांगावं लागायचं, आता ते कुणालाही तपासून पाहता येतं. गरीब आरोपीचा वकीलही एका कमांडने सरकारी अहवाल पडताळू शकतो, ही लहान गोष्ट नाही.

पण रकाना भरला म्हणजे काम झालं, अशी सवय लागली तर हा आकडाही इतर सरकारी फॉर्मवरच्या आकड्यांसारखाच होईल. नमुन्यातून एमडी५ आणि एसएचए-१ हे पर्याय वगळणं किंवा निदान एसएचए-२५६ सक्तीचं करणं, हा एका ओळीचा बदल आहे. हॅश कोणत्या सॉफ्टवेअरने, त्याच्या कोणत्या आवृत्तीने काढला, हेही त्यात लिहायला लावलं, तर पुढे एखाद्या लायब्ररीत चूक सापडल्यावर कोणते खटले पुन्हा तपासायचे, हे शोधता येईल.

तोवर एवढं तरी लक्षात ठेवा. कोर्टात समोरच्याने हॅश व्हॅल्यू पुढे केली, तर तीन प्रश्न विचारायचे. कोणत्या पद्धतीने काढली, कधी काढली आणि ती काढेपर्यंत फाइल कुणाच्या हातात होती?